समाजवादी देशांत खरंच सगळ्यांना सारखं घर मिळायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परळला चाळीत वाढले, पुढे नगररचना शिकले आणि त्यातलं एक वर्ष हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टला काढलं. तिकडून आल्यापासून लोक मला तेच तेच विचारतात. कुणाला वाटतं तिकडे सरकार सगळ्यांना घरं वाटत होतं म्हणजे स्वर्गच, कुणाला वाटतं सगळे एका खोलीत कोंबलेले होते, आणि दोन्ही बाजूंनी भांडणारे असतात पण घर नेमकं कुणाला मिळालं हे विचारणारे फार कमी. म्हणून ही सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. भर हंगेरीवर आहे कारण तिथलं मला जास्त माहितीये, बाकी मॉस्को, बर्लिन, चेकोस्लोव्हाकिया गरजेपुरतं येईल.

घर फुकट मिळायचं ना सगळ्यांना?

अगदी फुकट नाही, पण भाडं इतकं कमी की फुकटच म्हणा. सोव्हिएत युनियनमध्ये भाड्याचे दर १९२८ ला ठरले आणि पुढे साठ वर्षं जवळपास तेच राहिले, कुटुंबाच्या कमाईतला अगदी छोटा तुकडा भाड्यात जायचा. १९७७ च्या सोव्हिएत घटनेत तर कलम ४४ मध्ये घराचा हक्कच लिहिलेला होता. ही साधी गोष्ट नाहीये, भाडं थकलं म्हणून सामान रस्त्यावर येईल ही भीती तिथल्या माणसाला नव्हती आणि ज्यांनी ती भीती बघितलीये त्यांना याची किंमत कळेल.

अडचण भाड्यात नव्हतीच. अडचण होती घर मिळण्यात. १९८६ च्या पार्टी काँग्रेसमध्ये, म्हणजे कम्युनिस्ट पार्टीच्या अधिवेशनात, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी जाहीर केलं की २००० सालापर्यंत प्रत्येक कुटुंबाला वेगळं घर किंवा फ्लॅट मिळेल. क्रांतीला सत्तर वर्षं होत आली होती तेव्हा, आणि तरी हे अजून आश्वासनच होतं.

मग घर मिळवायचं कसं? अर्ज करायचा का?

हंगेरीत रस्ते साधारण असे होते. एक, नगर परिषदेकडे अर्ज करा आणि वेटिंग लिस्टवर थांबा, किती पोरं, किती माणसं एका खोलीत, सध्याचं घर किती ओलं असं सगळं बघून नंबर लागायचा. दोन, तुमचा कारखाना, मंत्रालय, सैन्य, विद्यापीठ यांच्या वाट्याला फ्लॅट यायचे त्यातून मिळवा. तीन, सरकारी बचत बँकेमार्फत को-ऑपरेटिव्ह किंवा मालकीचा फ्लॅट घ्या, म्हणजे आधी रोख रक्कम भरा आणि बाकी हप्त्याने. आणि चार, प्लॉट घ्या आणि स्वतः बांधा.

कागदावर हे चारही रस्ते सगळ्यांना मोकळे, पण कोण कुठल्या रस्त्याने जाणार हे बहुतेक वेळा तुमच्या नोकरीने आधीच ठरलेलं असायचं. खरा विषय इथेच आहे.

पेच आणि सेगेद या शहरांचं नाव सारखं का येतं?

कारण १९६८ ला इव्हान सेलेनी आणि जॉर्ज कोनराड या दोघांनी हंगेरीच्या दक्षिणेकडच्या या दोन शहरांत घरोघरी सर्व्हे केला. सेलेनी समाजशास्त्रज्ञ, कोनराड लेखक, त्याआधी बुडापेस्टमध्ये बालकल्याण खात्यात काम केलेला, म्हणजे गरिबांच्या घरात रोज जाऊन आलेला माणूस. प्रश्न अगदी साधा होता, कोण कुठल्या घरात राहतो आणि ते घर त्याला कसं मिळालं.

त्यांना जे सापडलं ते सरकारला आवडण्यासारखं नव्हतं. नवीन सरकारी फ्लॅट, म्हणजे बाथरूम, नळाला गरम पाणी, सेंट्रल हीटिंग आणि वर नाममात्र भाडं, यात वरच्या हुद्द्याचे अधिकारी, इंजिनियर, डॉक्टर, शिकलेसवरलेले लोक त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त होते. आणि साधे कामगार, खास करून अंगमेहनतीची कामं करणारे, ते जास्त करून खाजगी घरात, स्वतःच्या पैशाने बांधलेल्या किंवा विकत घेतलेल्या.

म्हणजे बघा. एक इंजिनियर आणि एक गवंडी घ्या. इंजिनियरला सरकारी फ्लॅट मिळाला, त्याच्या बांधकामाचा खर्च सरकारने केला, देखभाल सरकारची, तो भरतो फक्त ते नाममात्र भाडं. गवंड्याचा पगार कमी, त्याला फ्लॅट मिळाला नाही, म्हणून तो शहराबाहेर प्लॉट घेतो, कर्ज काढतो, सिमेंट विटा विकत आणतो आणि रविवार रविवार घालवून घर उभं करतो. दोघांमध्ये घरावर जास्त पैसा कुणी घातला? ज्याच्याकडे कमी होता त्याने. आणि सबसिडी कुणाला मिळाली? ज्याला तिची कमी गरज होती त्याला. हे एका वाक्यात सांगितलं की लोक म्हणतात हो बरोबर आहे आणि पुढे जातात, पण जरा थांबून विचार करा, हे अशा देशात चाललं होतं जो कामगारांचं राज्य म्हणून स्वतःची ओळख सांगत होता.

पण असं का? भ्रष्टाचार होता का?

वशिला होताच, तो कुठे नसतो. पण सेलेनीचं म्हणणं असं होतं की सगळे अधिकारी हरिश्चंद्र असते तरी साधारण असंच झालं असतं, आणि मला हे त्याचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं वाटतं.

कारण असं की पगारात फार फरक ठेवायचा नाही हे धोरण होतं. मग चांगला इंजिनियर किंवा डॉक्टर पेचला यावा, टिकावा यासाठी त्याला द्यायचं काय? फ्लॅट. पैशात जे देता येत नव्हतं ते वस्तूत दिलं गेलं. घर हा पगाराचाच भाग झाला आणि पगारात जो वर तो घरातही वर. त्यात अजून एक विचार, जो कुणी उघड बोलायचं नाही पण सगळ्यांच्या डोक्यात असायचा, की शिकलेल्या माणसाला बाथरूमशिवाय कसं राहता येईल, त्याला पुस्तकांना जागा लागते, अभ्यासाला शांतता लागते. कामगाराला काय, तो सवयीचा आहे. फाइलवर सही करणारा माणूसही शिकलेलाच, त्याला समोरच्या शिकलेल्या माणसाची अडचण पटकन कळायची.

पेचमध्ये खाणकामगारांना तर घरं मिळाली होती ना?

हो, आणि हे सांगायलाच पाहिजे नाहीतर चित्र खोटं होईल. पेचजवळ युरेनियम सापडलं आणि १९५० च्या दशकात खाण सुरू झाली, तिथल्या कामगारांसाठी शहराच्या पश्चिमेला अख्खी वसाहत उभी राहिली, नावच युरानव्हारोश, म्हणजे युरेनियम नगर. चांगले फ्लॅट, झाडं, दुकानं. पण ते मिळाले कारण युरेनियम सोव्हिएत युनियनला हवं होतं. ज्या उद्योगाचं वजन जास्त त्याच्या कामगाराला घर आधी, आणि कापड गिरणीतल्या, पावाच्या बेकरीतल्या, झाडूवाल्या बाईला नंतर. पुष्कळदा ही नंतरवाली माणसं बायका असायच्या, कारण हलक्या उद्योगांत त्याच जास्त.

ज्यांना फ्लॅट मिळाला नाही ते राहायचे कुठे?

यावर मी जरा लांब लिहिणार आहे कारण यावर कुणी बोलतच नाही.

हंगेरीने युद्धानंतर सगळा पैसा कारखान्यांत घातला, पोलाद, यंत्रं, खाणी. गावातून माणसं कामाला बोलावली पण त्यांना राहायला शहरात घरं बांधली नाहीत, कारण घर, गटार, शाळा हा 'अनुत्पादक' खर्च धरला जायचा. कोनराड आणि सेलेनी यांनी याला उशिरा झालेलं शहरीकरण म्हटलं. नोकरी शहरात आणि माणूस गावात. १९७० च्या आसपास हंगेरीची लोकसंख्या जेमतेम १ कोटी आणि रोज किंवा आठवड्याला कामासाठी दुसऱ्या गावी ये-जा करणारे जवळपास १० लाख.

देशाच्या ईशान्य टोकाकडून, साबोल्चसारख्या गरीब जिल्ह्यातून बुडापेस्टला यायच्या गाड्यांना लोक 'काळी गाडी' म्हणायचे. शुक्रवारी संध्याकाळी भरून घरी जाणारी, रविवारी रात्री परत आणणारी, दारू, भांडणं, पत्ते, पॅसेजमध्ये झोपलेली माणसं. आठवडाभर ही माणसं कामगार होस्टेलात, एका खोलीत बंक टाकून. बायको मुलं गावात. बुडापेस्टचे पूल, कारखाने, आणि हो, ज्या फ्लॅटमध्ये साहेब राहायला गेले ते फ्लॅटसुद्धा बांधणाऱ्यांत ही माणसं होती.

आणि गावात ते काय करायचे? घर बांधायचे. कालाका नावाची पद्धत होती, आपल्याकडे पूर्वी इर्जिक करायचे ना तसं, आज सगळे मिळून तुझ्या घराचा स्लॅब टाकू, पुढच्या महिन्यात माझ्या. पैसे नाहीत, जेवण आणि दारू यजमानाची. अशी बांधलेली घरं अजून हंगेरीभर दिसतात, साधारण १० मीटर बाय १० मीटरचा चौकोनी ठोकळा, वर चारी बाजूंनी उतरतं छप्पर, आणि पुढच्या भिंतीवर रंगीत प्लास्टरची नक्षी. लोक त्यांना कादारचे ठोकळे म्हणतात, तेव्हाच्या नेत्याच्या नावाने. शहरी शिकलेली मंडळी या घरांना नाकं मुरडतात, दिसायला कसलं घाण आहे म्हणतात. मला मात्र ती घरं बघून दर वेळी भरून येतं. कारण त्यातली एकेक वीट कुणाच्या तरी सुट्टीच्या दिवसाची आहे. १९६१ ते १९७५ मध्ये १० लाख घरं बांधायची योजना सरकारने जाहीर केली आणि आकडा गाठलाही, पण त्यातला मोठा हिस्सा असाच लोकांनी स्वतःच्या घामाने आणि कर्जाने बांधलेला.

गावातून सरळ शहरात येऊन राहता यायचं नाही का?

सोपं नव्हतं. बुडापेस्टमध्ये परिषदेच्या घरासाठी अर्ज करायचा तर आधी काही वर्षं तिथे राहिल्याचा किंवा काम केल्याचा पुरावा लागायचा, आणि राहणार कुठे तर घर नाही. म्हणजे घर नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून घर नाही.

सोव्हिएत युनियनमध्ये हे आणखी कडक. १९३२ च्या शेवटी अंतर्गत पासपोर्ट आले आणि त्याबरोबर प्रोपिस्का, म्हणजे राहत्या पत्त्याची पोलिसांकडची नोंद. मॉस्कोची प्रोपिस्का नसेल तर मॉस्कोत राहता येत नाही. पण मॉस्कोच्या कारखान्यांना हलकी कामं करायला माणसं तर हवीत, मग ठरावीक कोट्यात बाहेरून माणसं आणायची, त्यांना म्हणायचे लिमिटचिक, लिमिटमधले लोक. तात्पुरती नोंद, होस्टेलची कॉट, आणि वर्षानुवर्षं काम केल्यावर कधीतरी पक्की प्रोपिस्का आणि रांगेत नंबर. नोकरी सोडली की सगळं गेलं. मॉस्कोकरांच्या तोंडी लिमिटचिक ही शिवी होती. भाषा तीच, देश तोच, पण या कागदाने शहरात दोन जातीची माणसं तयार केली.

एका फ्लॅटमध्ये पाच कुटुंबं राहायची ते काय प्रकरण?

कोम्मुनाल्का. रशियात क्रांतीनंतर श्रीमंतांचे मोठे फ्लॅट ताब्यात घेऊन एकेका खोलीत एकेक कुटुंब बसवलं. माणशी ९ चौरस मीटर हे माप तेव्हाचं. किचन एक, संडास एक, दारावर पाटी की अमक्यासाठी एकदा बेल वाजवा, तमक्यासाठी दोनदा. लाइटबिलावरून भांडण नको म्हणून संडासात प्रत्येक कुटुंबाचा वेगळा बल्ब आणि त्याचं बटण ज्याच्या त्याच्या खोलीत. हंगेरीतही १९५० च्या सुमारास असे वाटून दिलेले फ्लॅट होते.

यातून लोकांना बाहेर काढलं ते सोव्हिएत नेता क्रुश्चेव्हने, हे मान्य करायलाच हवं. ३१ जुलै १९५७ च्या ठरावानंतर पाच मजली, बिनलिफ्टच्या इमारती धडाधड उभ्या राहिल्या, किचन पाच-सहा चौरस मीटरचं, छत बुटकं, भिंती पातळ. पण दाराला आतून कडी आणि आत फक्त आपलं कुटुंब. एवढ्यासाठी लोक रडले आहेत.

आपले अण्णा भाऊ साठे १९६१ ला रशियाला गेले ते नेमके याच बांधकामाच्या ऐन भरात. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीतून गेलेल्या माणसाला तिथलं जग काय वाटलं असेल याची कल्पना करा आणि मग त्यांच्या पिढीला रशियाबद्दल एवढं प्रेम का होतं हे कळेल. त्यांना कुणी भोळं म्हटलं की मला राग येतो.

जुन्या इमारतींचं काय झालं?

बुडापेस्टमधल्या भाड्याच्या इमारती १९५२ ला सरकारने ताब्यात घेतल्या. भाडं गोठलं, मग दुरुस्तीला पैसा नाही, मग छपरं गळायला लागली. १९४७ च्या भाडे कायद्यानंतर मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे सेस भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या, इमारतींची जी गत झाली ती डोळ्यांसमोर आणा, तिकडे फक्त मालक सरकार.

मी ज्या इमारतीत भाड्याने राहत होते ती आठव्या वॉर्डात, योझेफव्हारोशमध्ये, शंभरेक वर्षं जुनी. मधे चौक, चौकाभोवती प्रत्येक मजल्यावर लोखंडी कठड्याची गॅलरी आणि गॅलरीत सगळी दारं. पहिल्या दिवशी मी आत शिरले आणि अक्षरशः उभी राहिले, कारण हे आमच्या चाळीसारखंच होतं, फक्त दगडी आणि थंड. चौकात एक लोखंडी चौकट, त्यावर गालिचे टाकून बडवायचे. आणि सगळ्यात गंमत म्हणजे मागच्या बाजूच्या छोट्या घरांना हंगेरियन शब्द आहे सोबा-कोन्या, सरळ अर्थ रूम-किचन. संडास गॅलरीच्या टोकाला, तीन-चार घरांत एक. पण रस्त्याच्या बाजूला त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, चार खोल्या, उंच छत, आत बाथरूम असे फ्लॅट. पत्ता एकच. पुढचा जिना वेगळा, मागचा वेगळा.

घरमालकीण सत्तरीच्या पुढची होती, सगळे तिला नेनी म्हणायचे, आपल्याकडे मावशी म्हणतो तसं. तिने मला बोटं मोजत सांगितलं होतं की लग्नानंतर अकरा वर्षं ती मागच्या रूम-किचनमध्ये सासूसकट राहिली आणि पुढच्या फ्लॅटमधला साहेब नव्या वसाहतीत गेल्यावर तो फ्लॅट तिला मिळेल असं तिला वाटलं होतं, तर तो मिळाला दुसऱ्याच साहेबाला. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. ती फक्त गॅलरीच्या त्या टोकाकडे बघत होती.

श्रीमंत वस्ती, गरीब वस्ती असं शहर वाटलेलं होतं का?

होतं, पण पश्चिमेकडच्या शहरांइतकं नाही. नव्या वसाहतींत एकाच जिन्यात प्रोफेसर, बस ड्रायव्हर आणि नर्स राहायचे, मुलं एकाच शाळेत, हे खरंय आणि ते चांगलं होतं. अमेरिकेतल्यासारखे मैलोन्मैल पसरलेले गरीब पट्टे तिथे नव्हते.

पण फरक बारीक जागी लपलेला होता. पुढचा जिना की मागचा. डोंगराची बाजू की सपाट. बुडापेस्टमध्ये दुना म्हणजे डॅन्यूब नदीच्या पश्चिमेला बुडाचे डोंगर, त्यात रोझादोम्ब म्हणजे गुलाबटेकडी, तिथे युद्धाआधीही श्रीमंत राहायचे आणि नंतरही वरचे लोकच राहिले, खुद्द यानोश कादार तिथेच राहायचे. नदीच्या पूर्वेला, पेश्तच्या बाजूला कारखाने, रेल्वे यार्ड आणि बराकी. १९५१ ला बुडापेस्टमधून दहा हजारांच्या वर लोकांना 'वर्गशत्रू' म्हणून एकेका रात्रीत गावाकडे हाकललं, त्यांचे फ्लॅट रिकामे झाले. गरीब कामगारांना मिळाले असते तर निदान म्हणता आलं असतं की हिशोब झाला, पण त्यातले चांगले चांगले पार्टीच्या आणि पोलिसांच्या माणसांकडे गेले.

पुढे १९७० नंतर अजून एक गोष्ट झाली. सगळा पैसा शहराबाहेरच्या पॅनलच्या, म्हणजे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या इमारतींच्या, वसाहतींत, मधलं जुनं शहर तसंच. ज्यांना जमलं ते निघून गेले, मागे राहिले म्हातारे, एकटे आणि ज्यांना कुणी नवीन फ्लॅट दिला नाही ते.

रोमा लोकांबद्दल काय?

रोमा म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणतात ते. इथे मला लिहिताना त्रास होतो. गावाबाहेर मातीच्या झोपड्यांत राहणाऱ्या रोमा लोकांच्या वस्त्या हटवायचा कार्यक्रम हंगेरीत १९६५ च्या सुमारास सुरू झाला. हेतू चांगला सांगितला होता. पण त्यांच्यासाठी जी घरं बांधली त्यांना सरकारी कागदावर नावच होतं 'घटवलेल्या दर्जाची घरं'. बाथरूम नाही, खोल्या लहान, आणि बांधली कुठे तर पुन्हा गावाच्या टोकाला, एका रांगेत. जुनी वस्ती मोडून नवी वस्ती केली, पक्क्या विटांची. शहरात आले त्यांना मिळाली ती जुन्या मोडकळीला आलेल्या इमारतींतली मागची रूम-किचन, म्हणून योझेफव्हारोश हळूहळू 'त्यांचा' वॉर्ड झाला.

चेकोस्लोव्हाकियातल्या मोस्त शहराचं उदाहरण तर विसरता येत नाही. जुन्या शहराखाली कोळसा होता म्हणून अख्खं शहर पाडलं. तिथलं जुनं गॉथिक चर्च मात्र वाचवायचं ठरलं आणि १९७५ ला ते रुळांवर ठेवून, अगदी सावकाश, ८४१ मीटर सरकवून नेलं, काचेच्या भांड्यासारखं सांभाळत. त्याच पाडलेल्या शहरातल्या रोमा कुटुंबांना नेलं खानोव्हला, मुख्य शहरापासून बाजूला काढलेल्या पॅनल वसाहतीत. चर्चला जेवढा विचार मिळाला तेवढा या माणसांना मिळाला नाही. आता तिथल्या इमारती भकास झाल्या की लोक म्हणतात, बघा फ्लॅट दिले तरी असंच करतात. स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरातली लुनिक ९ ही वसाहत पण अशीच, सुरुवातीला तिथे सैनिक आणि पोलिसांची कुटुंबंसुद्धा होती, ती निघून गेली आणि रोमा उरले.

नेते कुठे राहायचे?

देशोदेशी वेगळं. मॉस्कोत क्रेमलिनसमोर नदीकाठी १९३१ ला ५०० च्या वर फ्लॅटची प्रचंड इमारत झाली, आतच दुकान, थिएटर, लाँड्री, आणि स्टालिनच्या दहशतीत तिथल्याच कितीतरी कुटुंबांना रात्री उचलून नेलं. पूर्व जर्मनीत पॉलिटब्युरोची, म्हणजे पार्टीच्या सगळ्यात वरच्या मंडळातल्या नेत्यांची घरं बर्लिनबाहेर वांडलिट्झच्या जंगलात, कुंपणाच्या आत. १९८९ ला टीव्हीवर ती घरं दाखवली तर लोक खवळले. खरं तर घरं मध्यमवर्गीय बंगल्यासारखी होती, राजवाडे नव्हते. पण ज्यांच्या किचनमध्ये पश्चिमेकडची मशिनं होती तेच व्यासपीठावरून समतेवर बोलत होते, हे लोकांच्या जिव्हारी लागलं.

सरकारी फ्लॅट विकता यायचा का? पागडीसारखं काही होतं का?

विकता यायचा नाही, पण बदलता यायचा. पेपरात जाहिराती असायच्या, माझा दोन खोल्यांचा देतो, तुमचा तीन खोल्यांचा द्या, आणि मधला फरक रोख, टेबलाखालून. भाडेकरूचा हक्क मुलांकडेही जायचा. आपल्या पागडीला चुलत भाऊ शोभेल असा प्रकार. ज्याला आधी चांगला फ्लॅट मिळाला होता त्याच्या हातात आता विकण्यासारखी गोष्ट होती, ज्याला काहीच मिळालं नाही त्याच्या हातात काहीच नाही.

म्हणजे भांडवलशाहीपेक्षा वाईट होतं असं म्हणायचंय का?

नाही. अजिबात नाही, आणि कुणी माझं लिहिलेलं त्यासाठी वापरू नये. फुटपाथवर झोपणारी कुटुंबं, भाड्यासाठी किडनी विकायची वेळ, हे तिथे नव्हतं. घरांमधली दरी एकूणात कमीच होती. सेलेनी स्वतः बाजाराचा भक्त नव्हता, तो म्हणत होता की जिथे बाजार सगळं ठरवतो तिथे सरकारने वाटप केलं की विषमता कमी होते, आणि जिथे सरकार सगळं ठरवतं तिथे सरकारी वाटपच विषमता तयार करतं, तेव्हा तिथे थोडा बाजार गरिबाच्या बाजूने पडू शकतो. पुढे १९८० च्या दशकात हंगेरीत खाजगी धंदा वाढल्यावर त्यानेच रॉबर्ट मांचिनबरोबर लिहिलं की आता दोन्हीकडून विषमता येतेय, वाटपातूनही आणि बाजारातूनही. स्वतःचं म्हणणं असं बदलायला धाडस लागतं.

सेलेनी आणि कोनराड यांना त्रास झाला का?

झाला. सर्व्हेचा उपयोग सुरुवातीला केलाही गेला, १९७१ ला घरांचे नियम बदलले, भाडी वाढवली, गरजूंना प्राधान्य द्यायचं म्हटलं. पण पुढे दोघांनी मिळून शिकलेला वर्गच सत्तेकडे कसा निघालाय यावर एक हस्तलिखित लिहिलं आणि १९७४ ला दोघांना अटक झाली. काही दिवसांनी सोडलं आणि सांगितलं, हवं तर देश सोडा. सेलेनी १९७५ ला गेला, ऑस्ट्रेलिया, मग अमेरिका. कोनराड राहिला, त्याच्या लिखाणावर बरीच वर्षं बंदी, आणि तो बुडापेस्टमध्येच २०१९ ला वारला.

१९८९ ला समाजवादी राजवट गेल्यावर सगळं सुटलं का?

जो ज्या घरात होता त्याला ते घर बाजारभावाच्या अगदी छोट्या हिश्श्यात विकलं. ऐकायला किती छान. पण गुलाबटेकडीवरच्या फ्लॅटमध्ये बसलेल्याला मिळाली लॉटरी आणि योझेफव्हारोशच्या मागच्या रूम-किचनवाल्याला मिळालं गळकं छप्पर, ज्याची दुरुस्ती आता त्याच्या डोक्यावर. ज्यांनी स्वतः बांधलं होतं त्यांना काहीच मिळालं नाही कारण ते आधीच मालक. कारखाने बंद पडले तशी होस्टेलंही बंद झाली आणि तिथले काही जण सरळ रस्त्यावर आले, १९९० नंतर बुडापेस्टच्या रेल्वे स्टेशनांत जी बेघर माणसं दिसायला लागली त्यात हे कितीतरी. आज हंगेरीत साधारण दहापैकी नऊ घरं मालकीची आहेत आणि सरकारी घर जवळपास उरलेलंच नाही, मग आजच्या गरीब जोडप्याने अर्ज करायचा कुठे?

बुडापेस्टला गेले तर हे बघता येईल का?

येईल. आठव्या वॉर्डात फिरा, एखादं मोठं दार उघडं दिसलं तर आत डोकवा, कुणी असेल तर आधी नमस्कार करून विचारा. चौकात उभं राहून वर बघा. पुढच्या बाजूच्या खिडक्या आणि मागच्या बाजूची दारं मोजा, मागे एका खिडकीएवढ्या जागेत अख्खं घर असतं. गॅलरीच्या टोकाला जुन्या संडासाचं अरुंद दार अजून दिसेल, आता बहुतेक ठिकाणी त्यात सायकली आणि रंगाचे डबे ठेवतात. आमच्या नेनीने त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या आणि त्या दाराला तिने स्वतःचं कुलूप लावलं होतं, किल्ली गळ्यात.